अ‍ॅकिनीटचं अंकुरण: नायट्रोजन आणि अतिनील किरण

अ‍ॅकिनीट म्हणजे काही सायनोबॅक्टेरियांच्या (यांना आपल्याकडे अजून नील-हरित शेवाळच म्हणतात, चालायचंच) तंतूत तयार होणारी जाड भिंतीची, साठ्याने गच्च भरलेली झोपलेली पेशी. नोस्टॉक, अ‍ॅनाबीना, सिलिंड्रोस्पर्मम, ग्लिओट्रिकिया अशा मंडळींमध्ये ती सापडते. जिवाणूंच्या एंडोस्पोरशी (उकळत्या पाण्यातही टिकणारी त्यांची झोपलेली अवस्था) तिची गल्लत करू नये, उकळत्या पाण्यात ती टिकत नाही, थंडी आणि कोरडेपणा मात्र चांगला सोसते. इंग्लंडमधल्या रॉस्थर्न मियर तळ्याच्या सुमारे ६४ वर्षं जुन्या गाळातल्या अ‍ॅकिनीटही उगवल्याची नोंद १९८० ची आहे.

ती आली कुठून यावर वाद आहे. सायबेरियातल्या साधारण १.५ अब्ज वर्षं जुन्या खडकांत आर्किओएलिप्सॉइडिस नावाचे लांबट जीवाश्म मिळतात, गॅबनमधले तसलेच २.१ अब्जांच्या आसपासचे धरतात, आणि काही जण त्यांना सरळ अ‍ॅकिनीट म्हणतात. पण हा निवाडा मुख्यतः आकार आणि मापावर आहे, त्यामुळे सायबेरियातले ठीक वाटतात, गॅबनच्या बाबतीत जरा हात राखलेला बरा. दुसरा मुद्दा असा की हवेतला नायट्रोजन पकडणारी हेटेरोसिस्ट ही पेशी अ‍ॅकिनीटपासूनच निघाली असावी, कारण दोघींच्या आवरणात बरंच साम्य आहे. हे मत पटण्यासारखं आहे.

नायट्रोजनचा साठा सायनोफायसिनच्या कणांत असतो. हे कण बोर्झी या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८७ मध्ये पाहिले, घटक मात्र १९७१ मध्ये कळले: अ‍ॅस्पार्टिक आम्ल आणि आर्जिनिन, दोन्ही सारख्या प्रमाणात, म्हणजे प्रत्येक जोडीमागे नायट्रोजनचे ५ अणू. अंकुरताना सायनोफायसिनेझ हे एन्झाइम त्याचे दोन-दोनाचे तुकडे पाडतं आणि नव्या प्रथिनांना माल मिळतो. पण सायनोफायसिन साध्या पेशीतही असतं, म्हणून ते अ‍ॅकिनीटची खूण धरू नये. उगवायला बहुतेकांना प्रकाश लागतो, काही जातींत तांबडा जास्त लागू पडतो. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर आतल्या आत पेशी दुभागते, आवरण टोकाशी फाटतं किंवा विरघळतं, आणि दोन-चार पेशींचा इवलासा तंतू बाहेर सरकतो, मागे रिकामं टरफल राहतं. भोवती अमोनियम किंवा नायट्रेट भरपूर असेल तर हा तंतू हेटेरोसिस्ट बनवायच्या भानगडीत सहसा पडत नाही, नसेल तर लवकरच एक पेशी, बरेचदा टोकाची, हेटेरोसिस्ट होते.

अतिनील किरणांचं गणित इथेच अडकतं. २८० ते ३१५ नॅनोमीटरचे यूव्ही-बी किरण डीएनएत शेजारशेजारच्या पिरिमिडिनांच्या (डीएनएच्या काही अक्षरांच्या) जोड्या चिकटवतात आणि प्रकाशसंश्लेषणाच्या फोटोसिस्टिम दोन या यंत्रणेतलं डी-१ प्रथिन मोडतात, नायट्रोजन पकडणारं नायट्रोजिनेझ हे एन्झाइमही मंदावतं. जाड भिंतीत असेपर्यंत थोडा आडोसा असतो, टरफल सुटलं की तो गेला. बचावाला अतिनील किरण शोषणारी मायकोस्पोरिनसारखी अमिनो आम्लं आहेत, काही नोस्टॉकच्या आवरणात पिवळं-तपकिरी सायटोनेमिन हे रंगद्रव्यही, पण दोन्हींत नायट्रोजन लागतो, म्हणजे उपाशी अंकुराला छत्रीही महाग पडते. निळा प्रकाश मिळाला तर फोटोलायेझ हे दुरुस्तीचं एन्झाइम डीएनएतल्या त्या जोड्या सोडवतं, म्हणून प्रयोगात किरण दिल्यावर लगेच पिवळ्या दिव्याखाली ठेवतात, नाहीतर नुकसान कमी दिसतं. प्रयोगशाळेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या २५४ नॅनोमीटरच्या जंतुनाशक दिव्याची तरंगलांबी सूर्यप्रकाशातून जमिनीपर्यंत पोचतच नाही, तेव्हा तिचे आकडे शेताला लावू नयेत.

भातशेतीत सायनोबॅक्टेरियांचं खत उन्हात वाळवलेल्या पापुद्र्यांच्या रूपात मिळतं, लावणीनंतर आठवड्याभराने हेक्टरी १० किलो टाकायची शिफारस आहे. हे खत टाकताना रोपं लहान, पाणी उघडं आणि ऊन थेट, पुढे पानांची सावली पडली की हा ताण कमी होतो. त्याच वेळी युरिया जास्त पडला तर तंतू वाढतील, नायट्रोजन पकडणार नाहीत.