साके: एकाच टाकीत साखर आणि अल्कोहोल

तांदळात असतो स्टार्च, आणि यीस्टला स्टार्च पचत नाही. बिअर करताना आधी सातूच्या माल्टमधली एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात, मग त्या साखरेचं अल्कोहोल करायला यीस्ट घालतात. साके या तांदळाच्या जपानी मद्यात मात्र ही दोन्ही कामं एकाच टाकीत, एकाच वेळी चालतात. इथे एन्झाइम्स मिळतात 'अ‍ॅस्परजिलस ओरायझी' या बुरशीकडून. ती वाढवलेला भात म्हणजे कोजी. एकूण तांदळाचा साधारण पाचवा हिस्सा त्यासाठी लागतो आणि साके बिघडायची सुरुवात बहुतेकदा इथेच होते.

दाण्याच्या बाहेरच्या थरांत प्रथिनं आणि मेद जास्त. ते राहिले तर चव जड होते आणि सुगंध दबतो. म्हणून तांदूळ घासतात. 'दाइगिंजो' प्रकारात दाण्याचा निम्मा किंवा त्याहून कमी भाग उरतो. असा दाणा इतक्या झपाट्याने पाणी पितो की भिजवायची वेळ स्टॉपवॉच लावून मोजतात. वजन तीसेक टक्क्यांनी वाढलं की लगेच निथळायचं, मग वाफवायचं. पाण्यात शिजवायचं नाही. दाणा बाहेरून कोरडा आणि आतून मऊ हवा. जास्त भिजला तर भात चिकटतो, बुरशी वरवर पसरते आणि तिचे तंतू आत शिरत नाहीत.

भात पस्तिसेक अंशांवर आला की उबदार खोलीत त्यावर बीजाणू भुरभुरतात. बुरशी वाढताना स्वतःच तापते, म्हणून दुसऱ्या दिवशी गुठळ्या मोडून भात छोट्या लाकडी पेट्यांत भरतात आणि रात्रीसुद्धा उठून त्याची उलथापालथ करतात. शेवटी तापमान ४० ते ४२ अंशांपर्यंत चढू देतात, कारण तिथे स्टार्च फोडणारी एन्झाइम्स भरपूर तयार होतात. ४५च्या पुढे बुरशीच ढेपाळते. साधारण ४८ तासांत दाण्यावर पांढरे ठिपके दिसतात आणि भाजलेल्या चेस्टनटसारखा वास येतो.

यीस्टचं विरजण आंबट ठेवतात. त्यातलं लॅक्टिक आम्ल नको त्या जंतूंना रोखतं. मग चार दिवसांत तीन वेळा, दर वेळी वाढत्या प्रमाणात कोजी, भात आणि पाणी घालतात. दुसरा दिवस मोकळा, यीस्टला वाढू द्यायला. घाई करून सगळं एकदम ओतलं तर आम्ल आणि यीस्ट दोन्ही पातळ होतात, आणि जंतूंना रान मोकळं मिळतं.

पुढे गिंजो, म्हणजे जास्त घासलेल्या तांदळाच्या सुगंधी प्रकाराचं मिश्रण दहाएक अंशांवर महिनाभर आंबतं. साखर जशी सुटते तशी खर्चते. ती सगळी सुरुवातीलाच असती तर त्या दाट पाकात यीस्टची घुसमट झाली असती. म्हणूनच अल्कोहोल १८ ते २० टक्क्यांपर्यंत पोचतं. मिश्रण गरम झालं तर भात लवकर विरघळतो, साखर साचते आणि तोल जातो.

गाळलेली साके सहसा ६० ते ६५ अंशांवर तापवतात. नारा इथल्या तामोनइन मठाच्या १६व्या शतकातल्या रोजनिशीत ही पद्धत नोंदलेली आहे, म्हणजे पेयं तापवून टिकवण्याच्या पद्धतीला ज्याचं नाव मिळालं त्या लुई पाश्चरच्या तीनेकशे वर्षं आधी. न तापवलेली साके 'हिओची' जीवाणूंमुळे गढूळ आणि आंबट होते. ते इतक्या अल्कोहोलमध्येही तगतात. त्यातल्या काहींना वाढीसाठी मेव्हॅलोनिक आम्ल लागतं, आणि ते साकेत येतं कोजीच्या बुरशीकडूनच.