रापण

रापण : किनाऱ्यावर उभे राहून दोन्ही टोकांनी एकाच वेळी ओढायचे मासेमारीचे लांब जाळे, तसेच ते ओढणाऱ्यांचा भागीदारीचा संघ. महाराष्ट्रात ही रीत मुख्यतः सिंधुदुर्गात, मालवण-वेंगुर्ल्याच्या गाबीत (मच्छीमार समाजाच्या) वस्त्यांत आढळते. तिला खडक नसलेला वाळूचा किनारा लागतो. उत्तर कोकणात भरती-ओहोटीची ओढ जोरदार असल्याने डोल जाळ्यांचा, म्हणजे प्रवाहात रोवून ठेवायच्या पिशवीसारख्या जाळ्यांचा, प्रघात अधिक.

गोव्यात 'रांपण', कारवारकडे 'रंपणी' अशी नावे आहेत. हे जाळे पोर्तुगीजांनी आणले, असे एक मत आहे. मात्र पोर्तुगालमधील अशाच जाळ्याला 'शावेगा' म्हणतात आणि तो शब्दही जाळे या अर्थाच्या अरबी 'शबका'वरून आलेला मानतात. त्यामुळे जाळे बाहेरचे मानले, तरी नावही त्याच्याबरोबर आले असे म्हणणे अवघड आहे.

एका दोराचे टोक किनाऱ्यावर ठेवून होडी निघते, थव्याला वळसा घालीत जाळे सोडते आणि दुसरा दोर घेऊन काही अंतरावर किनाऱ्याला लागते. दोन्ही दोरांवर माणसे लागतात. ओढ एकदम पडावी लागते. एकेकाने पुढेमागे ओढले, तर जोर ओला दोर ताणण्यातच जिरतो. म्हणून 'हैश्शा'सारखी आरोळी देतात. लाट आत येताना ओढायचे, परतताना नुसते धरून ठेवायचे. मागचा माणूस दोर सोडून पाण्याच्या कडेला येऊन पुन्हा धरतो.

खरे कसब दोन बाजूंच्या मेळात आहे. एक बाजू पुढे गेली की जाळ्याचे पोट तिरके होते आणि मासळी मागे पडलेल्या अंगाने निसटते. किनाऱ्यालगत पाण्याची धार असेल, तर जाळे तिच्या दिशेने सरकते. माणसांनाही दोरासह तिकडे चालावे लागते. जाळ्याच्या खालच्या कडेचा, शिशाची वजने लावलेला दोर तळाला घासत किंचित पुढे हवा. वरच्या कडेचा, बोयांचा (तरंगत्या गोळ्यांचा) दोर पुढे गेला, तर मासे खालून जातात. शिशाचा फारच पुढे गेला, तर वाळू भरते. शेवटे नावाचे मासे बोयांवरून उड्या मारतात. त्यामुळे दोन्ही टोळ्या जवळ आल्यावर वरचा दोर हातांनी उचलून धरतात.

बांगडा, तारली, पेडवे ही नेहमीची मासळी. जाळे, होडी आणि माणसे यांचे वाटे ठरलेले असतात. पूर्वीच्या काथ्याच्या दोरांची जागा आता नायलॉनने घेतली आहे. पर्ससीन जाळी (थव्याभोवती टाकून खालून आवळायची मोठी जाळी) थवे किनाऱ्यावर येण्याआधीच उचलतात, ही रापणकरांची जुनी तक्रार. महाराष्ट्रात त्या जाळ्यांवर 2016 मध्ये निर्बंध आले.