पार्टटाइम कमाईतून कापलेला टीडीएस परत हवाय? मग रिटर्न भरा

‘कर लागतच नाही, मग रिटर्न कशाला?’ दर जुलैत कुणीतरी हे विचारतंच. खरं आहे, 2025-26 च्या उत्पन्नावर नव्या करप्रणालीत 4 लाखांपर्यंत कर नाही. पण टीडीएस म्हणून, म्हणजे कमाई हातात येण्याआधीच कर म्हणून कापलेल्या पैशांचं काय? क्लासमध्ये पेपर तपासणाऱ्या एका मुलीचं मानधन महिना 8,000 होतं, हातात यायचे 7,200. वर्षाचे 9,600 सरकारजमा झाले, म्हणजे मेसचे तीन महिने. रिटर्न भरल्याशिवाय ते परत मिळत नाहीत.

पॅन, आधार, बँक खातं आणि आयकर पोर्टलवरचं 26 एएस (तुमच्या पॅनवर कापलेल्या कराची नोंद) एवढं पुरतं. कागद काहीच अपलोड करायचे नसतात.

तरी मुलं फॉर्म 16, म्हणजे पगारातून कर कापल्याच्या प्रमाणपत्रासाठी मालकाकडे खेटे घालत बसतात. आधी 26 एएस उघडा आणि कापलेल्या रकमेपुढचं कलम बघा. 192 असेल तर तो पगार. फॉर्म 16 मिळतो आणि ‘सहज’ (आयटीआर-1) हा सोपा रिटर्न फॉर्म चालतो. 194 जे (व्यावसायिक मानधन) किंवा 194 सी (कंत्राटी काम) असेल तर कागदोपत्री तुम्ही नोकरदार नाहीच. फॉर्म 16 कधीच येणार नाही, मागायचा तो 16 ए, पगाराशिवायच्या कमाईवरच्या टीडीएसचं प्रमाणपत्र. अशा वेळी ‘सुगम’ (आयटीआर-4) किंवा कामाच्या स्वरूपानुसार आयटीआर-3 भरावा लागतो. इथे ‘सहज’ भरला की त्रुटीची नोटीस येऊ शकते, आणि उत्तराला 15 दिवस मिळतात. विसाव्या वर्षी पहिल्या कमाईवर नोटीस आली की पोरं घाबरून जातात. हा फरक नेमणुकीच्या वेळीच कुणी का सांगत नाही?

26 एएसमध्ये रक्कमच दिसत नसेल, तर बहुधा मालकाने तुमचा पॅन चुकीचा टाकलाय. दुरुस्ती त्यालाच करावी लागते आणि तिला वेळ लागतो, म्हणून जूनमध्येच बघून ठेवा.

वर्षाचा घोळही नेहमीचाच. एप्रिल 2025 ते मार्च 2026 ची कमाई असेल, तर असेसमेंट इयर (कर आकारणीचं वर्ष) 2026-27 निवडायचं. ‘सहज’ची मुदत 31 जुलै. 2025 साली ती आधी 15 आणि मग 16 सप्टेंबरपर्यंत वाढली होती. त्या आशेवर थांबू नका. तरीही चुकलीच, तर 31 डिसेंबरपर्यंत भरता येतं, आणि उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असेल तर विलंब शुल्कही नाही. तेव्हा सोडून देऊ नका. शिक्षणासाठी मिळालेली स्कॉलरशिप करमुक्त असते, ती कमाईत मिसळू नका.

सबमिट केलं म्हणजे झालं, असं मात्र समजू नका. 30 दिवसांत ई-व्हेरिफाय करायचंच, म्हणजे आधारच्या ओटीपीने रिटर्नवर ऑनलाइन शिक्कामोर्तब. आधारला गावाकडच्या वडिलांचा नंबर असेल तर ओटीपी तिकडे जातो आणि वडील शेतात असतात. आधी फोन करून त्यांना मोबाइल हाताशी ठेवायला सांगा. रिफंडसाठी खातं तुमच्याच नावाचं हवं, पोर्टलवर व्हॅलिडेट (पडताळणी) केलेलं, आणि नावाचं स्पेलिंग पॅनवरच्यासारखंच. पॅन-आधार जोडलेलं नसेल तर रिफंड अडकतो, म्हणून ते सगळ्यात आधी तपासा.