वीस भालेकऱ्यांची तुकडी रंगवायला घेताय?

आमच्याकडून टेबलावरच्या लढाईच्या खेळातल्या छोट्या सैनिकांची, म्हणजे फिगरची, पहिली पेटी नेलेली मंडळी साधारण पंधरा दिवसांनी परत येतात. हातात एकच फिगर असते, पण काय रंगवलेली! डोळ्यांत बाहुल्या, पट्ट्याला बक्कल, ढालीवर गरुड. आणि बाकीचे एकोणीस? "ते अजून स्प्रूवरच आहेत." म्हणजे सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीत येतात, तिच्यावरच. हे पत्रक त्या एकोणीस जणांसाठी आहे.

आमचं म्हणणं एवढंच, की तुम्ही वीस माणसं रंगवत नसून एक तुकडी रंगवताय. खेळणारा टेबलापाशी उभा राहून दोन-तीन फुटांवरून बघतो. तिथून बक्कल दिसत नाही. दिसतात अंगरख्यांचा रंग, ढालींची ओळ आणि भाल्यांची टोकं. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडले असतील, तर हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे. मावळे दहा वर्षांत जमवलेले, कुणी बोटभर उंच तर कुणी अर्ध्या बोटाचा, तरी सगळ्यांची पागोटी लाल असली की फौज वाटायची.

आधी माप, मग रंग

कुठला खेळ खेळणार ते पहिलं ठरवा, कारण फिगर ज्यावर उभी राहते त्या बेसचं माप त्यावर ठरतं. 2024 मध्ये आलेल्या 'वॉरहॅमर: द ओल्ड वर्ल्ड'मध्ये माणसांच्या पायदळाला 25 मिमीचा चौकोनी बेस लागतो, ऑर्क राक्षसांना 30 मिमीचा. पूर्वीच्या 'वॉरहॅमर'मध्ये माणसं 20 मिमीवर उभी असत. म्हणून जुनी तुकडी कुणाकडून विकत घेत असाल, तर पट्टी लावून बघा. 'एज ऑफ सिग्मार'ला गोल बेस लागतात. 'किंग्ज ऑफ वॉर'मध्ये फिगर एकेक करून उचलायच्याच नसतात, अख्खी तुकडी एकदम राहते किंवा एकदम जाते. त्यामुळे 20 मिमीवाल्या वीस जणांची रेजिमेंट 100 बाय 80 मिमीच्या एकाच पाटावर कायमची चिकटवता येते. मध्ये एखादा खडक किंवा मोडका गाडा ठेवला, तर चार-दोन गडी कमीही चालतात.

25 मिमीवाल्या वीस जणांच्या पाच-पाचच्या चार रांगा केल्या, की 125 बाय 100 मिमी होतात. अख्खी तुकडी ठेवून सरकवायचा ट्रे मात्र आतून एक-दोन मिमी मोठा घ्या. रंग, गोंद आणि वाळूचे थर चढले की बेस फुगतात, आणि पाचवा गडी बसत नाही.

जोडणीच्या वेळीच सगळ्यांना पोस्टर चिकटवायच्या निळ्या गमने बेसवर उभं करून रांगा लावून पाहा. कुणाचा भाला पुढच्याच्या मानेत घुसतो, कुणाची ढाल शेजाऱ्याच्या कोपराला अडते. तेव्हा हात जरा वळवता येतो, रंगवल्यावर नाही. जागा जुळली की बेसखाली एक ते वीस आकडे टाका. हे कंटाळवाणं काम वगळणाऱ्यांचा फोन आम्हाला हमखास येतो.

झेंडेवाला, रणशिंगवाला आणि म्होरक्या पहिल्या रांगेत. जिथे गडी एकेक करून पडतात, तिथे ते मागच्या रांगेतून उचलले जातात. म्हणजे पुढचे पाच जण जवळजवळ शेवटपर्यंत टेबलावर राहतात. मेहनत त्यांच्यावर करा. मागच्या पंधरांना स्वच्छ रंग आणि एक वॉश, म्हणजे खाचांत साचणारा पातळ गडद रंग, पुरे.

रंग किती?

तीन. एक मुख्य, एक जोडीचा, आणि कातडं-लाकूड-लोखंड मिळून तिसरा, तो सगळ्यांना सारखाच. दुकानदाराने सांगू नये, पण वीस जणांच्या मुख्य रंगाला 17 मिलीची एक बाटली पुरून उरते. मुख्य रंग शक्यतो बाटलीतलाच वापरा. दोन रंग मिसळून केलेली छटा आठवड्याने पुन्हा तशीच जमत नाही, मग अकरावा गडी दुसऱ्याच राजाचा वाटतो.

आमच्या एका ग्राहकाने काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रंगात बुटक्यांची तुकडी केली. कल्पना झकास, पण काळ्या प्रायमरवर, म्हणजे रंगाआधीच्या अस्तरावर, पिवळा बसेचना. पाच हात देऊनही हिरवट मळकटच. पिवळ्याखाली आधी विटकरी किंवा गेरूचा हात द्या, दोन हातांत काम होतं.

घाई असेल तर कॉन्ट्रास्ट प्रकारचे रंग बघा. सिटाडेल या रंगांच्या ब्रँडने ते 2019 मध्ये आणले, आता इतरांचेही मिळतात. फिकट प्रायमरवर एकच हात द्यायचा, रंग खाचांत साचून सावली करतो आणि उंचवट्यांवर पातळ राहतो.

प्रायमर आणि आपला पाऊस

जुलैतल्या एका उघडिपीत आम्ही गच्चीवर सांगाडा-सैनिकांच्या वीस फिगर ओळीने मांडल्या आणि स्प्रे मारला. ऊन होतं, पाऊस नव्हता, आणि आम्ही स्वतःवर खूश होतो. अर्ध्या तासाने बघतो तर सगळे पांढुरके, हाताला खरखरीत, रव्यात लोळल्यासारखे. पाऊस थांबला तरी हवेतलं पाणी कुठे जातं? पावसाळ्यात मुंबईची आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर सहज असते, आणि त्या ओलीत स्प्रेचा थर धुरकट होतो. ते वीस जण जुन्या टूथब्रशने घासून साफ करण्यात एक रविवार गेला.

तेव्हापासून जून ते सप्टेंबर आम्ही ब्रशने लावायचा प्रायमरच वापरतो. दोन पातळ थर, मध्ये रात्रभर वाळवण. मे महिन्यातला दोष उलटा असतो. डबा फार लांब धरला तर थेंब फिगरवर पोचण्याआधीच वाळतात आणि पुन्हा खरखर. वीस-तीस सेंटिमीटर अंतर ठेवा, हात फिरता ठेवा, आणि डबा आधी दोन मिनिटं नीट हलवा.

प्रायमरआधी रेझिनच्या फिगर कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, साच्याचं तेल राहिलं तर रंग पापुद्र्यासारखा निघतो. प्लॅस्टिकला प्लॅस्टिक सिमेंट, रेझिन आणि धातूला सुपरग्लू. उलट करू नका.

कारखाना लावा

लालबाग-परळच्या गणपतीच्या कारखान्यात कुणी एक मूर्ती पुरी करून दुसरीला हात घालत नाही. अंगाचा रंग सगळ्यांना, मग पितांबर सगळ्यांना. तसंच करा. बाटलीच्या बुचांवर गडी चिकटवा, पाच-पाचचे गट करा, आणि एका बैठकीला एकच रंग. पाचवा संपेपर्यंत पहिला वाळलेला असतो. वीसच्या वीस एकदम घेऊ नका, बाराव्याला जीव कंटाळतो.

रंग पाण्याने साय काढलेल्या दुधाइतका पातळ करा आणि दोन हात द्या. पंखा थेट पॅलेटवर नको. डब्यात ओला स्पंज आणि वर बटर पेपर ठेवला, की रंग तासन्‌तास ओला राहतो. फक्त स्पंज दर दोन-तीन दिवसांनी धुवा, नाहीतर आपल्या हवेत त्याला असा वास सुटतो की घरचे रंगकामच बंद करायला लावतील.

एका बाबतीत मात्र मूर्तिकारांचं ऐकू नका. त्यांच्याकडे डोळ्यांची आखणी शेवटी होते, तीही जाणत्या हातून. आपण डोळे आधी करायचे, कारण चुकलं तर कातडीचा रंग लावून झाकता येतं. आणि करायचे फक्त पहिल्या रांगेचे. मागच्यांच्या शिरस्त्राणाखाली गडद वॉशची सावली राहिली, की झालं.

आमच्या हिशेबाने नवख्या हाताला वीस जणांना पंचवीस ते तीस तास लागतात. रोज रात्री एक तास धरला तर महिना.

बेस

फेव्हिकॉलवर बांधकामाची चाळलेली वाळू, किंवा त्याहून सोपं म्हणजे पांढरी रांगोळी. दाणा बारीक आणि एकसारखा, वरून मातकट रंग आणि ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिकट रंग. चौपाटीची वाळू नको, तिच्यातलं मीठ पुढे पांढरं फुलतं. बर्फ दाखवायला रवाही नको. एकाने वापरला होता, त्याच्या तुकडीला पोरकिडे लागले.

शेवटी मॅट व्हार्निश. स्प्रेचं असेल तर पावसाळ्यात वर सांगितलेलाच धोका, म्हणून ब्रशने.

लोकलने नेताना

बेसखाली चुंबक लावून फिगर पत्र्याच्या डब्यात उभ्या केल्या, की गर्दीतही भाले शाबूत राहतात. पण घरातला स्टीलचा डबा उचलण्याआधी त्याला चुंबक लावून बघा. बऱ्याचशा स्टेनलेस स्टीलला ते चिकटतच नाही. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा उत्तम. नवीन डबा घ्यायला भांड्यांच्या दुकानात जाताना खिशात एक चुंबक ठेवा. दुकानदार विचित्र बघेल, बघू दे.

रंगवायला बसण्याआधी एक नमुना फिगर शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे घेऊन या. तिन्ही रंग तिच्यावर लावून, टेबलावर ठेवून, तीन फुटांवरून दोघं मिळून बघू. त्याचे पैसे आम्ही घेत नाही.