केव्ही वाढवायचा की एमएएस?

एक्स-रेची फिल्म पांढरी आली की नवीन टेक्निशियनचा हात आधी एमएएसच्या (मिलिअँपिअर-सेकंद) बटणावर जातो. लातूर-नांदेडकडच्या सेंटरवर शिकणाऱ्या पोरांचं हे नेहमीचं, आणि त्यात त्यांची फारशी चूक नाही. केव्ही (ट्यूबला दिलेलं व्होल्टेज, किलोव्होल्टमध्ये) वाढवला तरी फिल्म काळी होते, एमएएस वाढवला तरी काळी होते. मग फरक कळणार कसा?

ट्यूबच्या आत मात्र दोघांची कामं वेगळी. फिलामेंट तापलं की इलेक्ट्रॉन सुटतात. किती सुटणार हे एमए (ट्यूबचा करंट, मिलिअँपिअरमध्ये) ठरवतो, किती वेळ हे टायमर. दोन्हींचा गुणाकार म्हणजे एमएएस. तो दुप्पट केला की किरणं दुप्पट आणि पेशंटचा डोसही दुप्पट. ते इलेक्ट्रॉन टंगस्टनच्या टार्गेटवर किती जोरात आदळणार, हे केव्हीच्या हातात. जोर वाढला की किरणं जाड भागातून आरपार जातात.

बीडकडचा ऊसतोड कामगार हंगाम संपवून कंबर धरून येतो. लंबर स्पाइनचा लॅटरल, म्हणजे कमरेच्या मणक्यांचा बाजूने एक्स-रे, 75 केव्ही, 60 एमएएसवर काढला. वरचे मणके छान आलेत, पण एल-5 आणि एस-1 च्या, म्हणजे कमरेचा शेवटचा मणका आणि त्याखालचं माकडहाडावरचं हाड यांच्या मधे, जिथं खरं दुखणं आहे, तिथं नुसता पांढरा डाग. हाडाची कडसुद्धा दिसत नाही. दोन्ही बाजूंची कमरेची हाडं ओलांडून किरणं पलीकडे पुरेशी पोचलीच नाहीत. एमएएस 120 केला तर वरचे मणके काळे पडतील, डोस दुप्पट होईल आणि ती जागा बरीचशी तशीच राहील. त्यापेक्षा कॉलिमेटर (किरणांचा झोत लहान-मोठा करणारी झडप) तेवढ्या जागेपुरता आवळा आणि केव्ही 15 टक्क्यांनी वाढवून 86 वर न्या. ढोबळमानाने एवढ्या वाढीत एमएएस दुप्पट केल्याइतका काळेपणा येतो, आणि किरणं आरपारही जातात.

उलट, हाडाच्या कडा स्पष्ट आहेत पण सगळी फिल्मच फिकट आहे, तर तिथं एमएएस कमी पडलाय.

केव्ही वाढवल्याची किंमत कॉन्ट्रास्टमध्ये (काळ्या-पांढऱ्यातला फरक) मोजावी लागते, स्कॅटरही (शरीरात विखुरलेली, फोटो धुरकट करणारी किरणं) वाढतो. म्हणून हाताच्या बोटांना 50-55 केव्ही पुरे, आणि छातीला ग्रिड (स्कॅटर अडवणारी जाळी) लावून 110 च्या वर जातात, म्हणजे बरगड्यांमागचं फुफ्फुसही दिसतं.

लहान लेकराची छाती काढताना एमएएस तोच ठेवून वेळ कमी करा. 100 एमए आणि 0.04 सेकंद म्हणजे 4 एमएएस. 200 एमए आणि 0.02 सेकंद म्हणजेही 4. लेकरू रडत असेल तर यातली दुसरी, 0.02 सेकंदाची जोडी घ्यावी, नाहीतर फोटो हलतो.

खेड्यातल्या जुन्या मशीनवर आणखी एक गोष्ट बघावी लागते. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की लाइनचं व्होल्टेज पडतं. पॅनेलवरचा लाइन व्होल्टेजचा काटा खुणेवर न आणता एक्सपोजर दिलं, तर लावलेला केव्ही ट्यूबला मिळतच नाही.

डिजिटलमध्ये तर जास्तच जपायला हवं, कारण कॉम्प्युटर काळं-पांढरं स्वतःच सावरून घेतो. एमएएस कमी पडला तर फोटोत वाळूसारखे दाणे दिसतात, तेवढं तरी कळतं. पण जास्त झाला तर फोटो उलट देखणा येतो आणि जादा डोस कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून प्रत्येक फोटोबरोबर येणारा एक्सपोजर इंडेक्स (डिटेक्टरवर किती किरणं पडली ते सांगणारा आकडा) वाचायचा, आणि तो आपल्या मशीनच्या कंपनीने दिलेल्या मर्यादेत आहे का हे बघूनच पुढच्या पेशंटला आत घ्यायचं.