बांगाईच्या माशाची तीस वर्षं

इंडोनेशियात सुलावेसीच्या पूर्वेला बांगाई बेटं आहेत. तिथल्या उथळ, संथ पाण्यात बोटाएवढा एक मासा राहतो. चंदेरी अंगावर काळे उभे पट्टे, लांब काळ्या परांवर पांढरे ठिपके. वॉल्टर कॉडर्न या स्वीडिश अभ्यासकाने १९२० मध्ये त्याचे नमुने गोळा केले, १९३३ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं आणि मग जग त्याला विसरून गेलं.

१९९४ मध्ये माशांचे अभ्यासक जेराल्ड ॲलन यांनी तो पुन्हा शोधला. फोटो छापून आले आणि घरात खाऱ्या पाण्याच्या टाक्या ठेवणाऱ्यांना तो एकदम हवाहवासा झाला. दिसायला देखणा, स्वभावाने शांत आणि पकडायला अगदी सोपा.

फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून शोभेचे मासे धरायला सायनाइड फवारत आले आहेत. मासा गुंगतो, हाती लागतो, पण आजूबाजूचं प्रवाळ मरतं. बांगाईच्या माशासाठी विषाची गरजच नव्हती. सी-अर्चिन या समुद्रतळावरच्या गोल, काटेरी प्राण्याच्या लांब काळ्या काट्यांत त्यांचे थवे दडून बसतात आणि फार लांब पळत नाहीत. साधं जाळं पुरतं.

आणि या माशाचा जन्मच वेगळा. अंडी घालून मादी मोकळी होते. नर ती तोंडात घेतो. सुमारे तीन आठवड्यांनी अंडी फुटतात, तरी पिल्लं आणखी काही दिवस बापाच्या तोंडातच. तोवर तो खात नाही. मग पिल्लं बाहेर पडतात ती थेट शेजारच्या काट्यांत किंवा समुद्रपुष्पांत (फुलासारखे दिसणारे, खडकाला चिकटून राहणारे प्राणी) शिरतात. इतर बहुतेक प्रवाळमाशांची पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत दूर जातात, म्हणून रिकामा झालेला खडक पुन्हा भरू शकतो. इथे तसं वाहून येणारं कुणी नाही. काही किलोमीटरवरच्या दोन खडकांतले मासेसुद्धा जनुकीयदृष्ट्या वेगळे निघाले आहेत. म्हणजे एका खडकावरचा थवा संपला, की ते वाणच गेलं.

२००७ मध्ये आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संघटनेने त्याला संकटग्रस्त ठरवलं. तेव्हा अंदाज होता एकूण सुमारे २४ लाख माशांचा, आणि वर्षाला पकडले जात होते सहा लाखांहून जास्त! त्याच वर्षी अमेरिकेने साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या करारात त्याच्या व्यापारावर नियंत्रण आणण्याचा प्रस्ताव मांडला आणि मागेही घेतला. ती संधी तेव्हाच साधायला हवी होती. २०१६ मध्ये अमेरिकेने आपल्या कायद्याखाली त्याला धोक्यातल्या प्रजातींत घातलं. इंडोनेशियाने मर्यादित संरक्षण दिलं ते २०१८ मध्ये.

खंत वाटते ती याची, की टाकीत याची पैदास सहज होते. पिल्लं जन्मतःच मोठी असतात, लगेच खाऊ लागतात. तरी कितीतरी वर्षं बाजार समुद्रातल्या माशावरच चालला, कारण तो स्वस्त पडायचा. पुढे थायलंडमधून टाकीत वाढवलेले मासे मोठ्या संख्येने येऊ लागले आणि तो भार थोडा हलका झाला. बांगाईत मात्र आता सी-अर्चिन आणि समुद्रपुष्पंही खाण्यासाठी काढली जातात. बापाने तोंडातून सोडलेली पिल्लं शिरतात ती त्यांच्यातच.