सूर्यमालेची प्रमाणबद्ध मांडणी

सूर्य व त्याचे ग्रह यांचे आकार आणि त्यांच्यातील अंतरे एकाच प्रमाणात लहान करून मैदानावर मांडण्याची व विद्यार्थ्यांना त्या अंतरांवरून चालत नेण्याची अध्यापन पद्धती. साधारण पाचवी ते नववीच्या वर्गांना ती उपयोगी पडते. ग्रहांची नावे आणि क्रम मुलांना लवकर पाठ होतात. सूर्यमाला बहुतांशी रिकामी आहे, हे मात्र पाठांतराने कळत नाही. ते कळण्यासाठी चालावेच लागते.

अडचण पुस्तकातल्या चित्रापासून सुरू होते. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किमी आणि सूर्यापासूनचे सरासरी अंतर सुमारे १४ कोटी ९६ लाख किमी. एवढ्या अंतरात ११,७०० पृथ्वी ओळीने मावतील. पानाच्या रुंदीत अंतरे खरी दाखवली तर ग्रह दिसणारच नाहीत, म्हणून चित्रात ते शेजारी शेजारी येतात. यात चित्रकाराचा दोष नाही, पण शिक्षकाने हे स्पष्ट सांगितले नाही तर मुलांच्या मनात तेच चित्र कायम राहते.

सर्वांत सोयीचे प्रमाण एकास एक हजार कोटी. त्यात १ मीटर म्हणजे १ कोटी किलोमीटर आणि १ मिलिमीटर म्हणजे १०,००० किलोमीटर, त्यामुळे आकडेमोड मुले तोंडी करू शकतात. सूर्य १४ सेंमी व्यासाचा होतो. त्यासाठी लहानसे पपनस चालते. पृथ्वी आणि शुक्र हे मोहरीचे दाणे. मंगळासाठी बारीकशी खसखस, बुधासाठी रव्याचा कण. गुरू म्हणजे खेळायची काचेची गोटी, शनी भिजलेला काबुली चणा, युरेनस आणि नेपच्यून दोन मिरे. लहान दाणे पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर डकवून ते काठ्यांना लावावेत, नाहीतर मैदानात पृथ्वी सापडत नाही.

पपनसापासून बुध ५.८ मीटरवर, शुक्र १०.८, पृथ्वी १५ आणि मंगळ २३ मीटरवर येतो. खो-खोचे मैदान २७ मीटर लांब असते. म्हणजे चारही खडकाळ ग्रह त्याच्या आतच उभे राहतात. त्यानंतर मात्र गुरू थेट ७८ मीटरवर. शनी १४३, युरेनस २८७ आणि नेपच्यून ४५० मीटरवर येतो, आणि बहुतेक शाळांत तिथवर जायला फाटकाबाहेर पडून रस्ता धरावा लागतो. मुलांनी पावले मोजत चालावे आणि प्रत्येक ग्रहापाशी मागे वळून पपनसाकडे पाहावे. नेपच्यूनपाशी ते जवळजवळ दिसेनासे झालेले असते.

पृथ्वीच्या काठीजवळ थोडे जास्त थांबावे. चंद्र तिच्यापासून जेमतेम चार सेंटीमीटरवर असतो, आणि माणूस आजवर प्रवास करून गेला तो एवढ्याच अंतरावर. १९७७ मध्ये निघालेले व्हॉयेजर-१ यान मात्र या प्रमाणात सुमारे अडीच किलोमीटरवर पोहोचले आहे. प्रकाश इथे सेकंदाला ३ सेंटीमीटर सरकतो. एका मुलाने जमिनीवर एखादा खडा त्या गतीने सरकवत सूर्यापासून पृथ्वीपर्यंत आणला, तर ८ मिनिटे २० सेकंद लागतात. ती पूर्ण होऊ द्यावीत, घाई करू नये. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा याच प्रमाणात सुमारे ४,००० किमीवर येतो. भारताची उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किमी आहे, तेव्हा तो तारा देशातही मावत नाही.

ऋतूंबद्दलचा गैरसमजही इथेच दूर करता येतो. जानेवारीच्या सुरुवातीला, महाराष्ट्रात थंडी असताना, पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत दूर. हा फरक सुमारे ५० लाख किमी, म्हणजे १५ मीटरच्या अंतरात फक्त अर्धा मीटर. ऋतू होतात ते पृथ्वीचा अक्ष सुमारे २३.५ अंशांनी कललेला असल्यामुळे.

या मांडणीची मोठी उणीव म्हणजे ग्रह एका ओळीत उभे राहतात. प्रत्यक्षात ते सूर्याभोवती वेगवेगळ्या दिशांना विखुरलेले असतात. म्हणून आतल्या चार ग्रहांसाठी दोरीने वर्तुळे आखून मुलांना त्यांवर फिरवणे आवश्यक आहे. पृथ्वी झालेल्या मुलीने सूर्याकडे तोंड करून शुक्र कुठे दिसतो ते पाहिले, की तो सूर्यापासून सुमारे ४७ अंशांपलीकडे कधीच जात नाही, हे तिच्या लक्षात येते. शुक्राची चांदणी संध्याकाळी किंवा पहाटेच का दिसते आणि मध्यरात्री का नाही, याचे उत्तर तिला तिथे उभ्या उभ्या मिळते. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील शमीन पाडळकर आणि जयश्री रामदास यांनी खगोलशास्त्र शिकवताना हातवारे व शारीरिक हालचालींच्या उपयोगावर संशोधन केले आहे.

मराठी घरांतील मुले ‘नवग्रह’ ऐकत मोठी होतात. त्या यादीत रवी आणि चंद्र आहेत, पृथ्वी नाही. शिक्षकाने हा विषय टाळू नये. राहू आणि केतू हे चंद्राचा मार्ग आणि सूर्याचा भासमान मार्ग एकमेकांना छेदतात ते बिंदू आहेत, आणि ग्रहणे त्यांच्याजवळच होतात. गुरूची प्रदक्षिणा जवळपास १२ वर्षांची असते, म्हणून तो सिंह राशीत आल्यावर भरणारा नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ साधारण बारा वर्षांनी येतो. शनीला २९.५ वर्षे लागतात, म्हणजे एका राशीत सुमारे अडीच. साडेसातीतील साडेसात वर्षे तीन राशींच्या हिशेबाने येतात. फलज्योतिष बाजूला ठेवूनही हे गणित वर्गात घेता येते.

कायमस्वरूपी मांडण्यांपैकी स्वीडनमधील एकास दोन कोटी प्रमाणाची मांडणी सर्वांत मोठी मानली जाते. स्टॉकहोममधील ‘ग्लोब’ हे गोलाकार सभागृह तिच्यात सूर्य असून गुरू सुमारे ४० किमीवर, आर्लांडा विमानतळाजवळ आहे. वॉशिंग्टनमध्ये २००१ पासून एकास एक हजार कोटी प्रमाणाची मांडणी आहे.

प्लूटो ठेवावा का, हे मुले विचारतातच. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्रागमध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने त्याला बटुग्रह ठरवले, कारण त्याच्या कक्षेच्या परिसरात इतर अनेक लहान पिंड आहेत. त्याचे सरासरी अंतर ५९० मीटर येते, मात्र १९७९ ते १९९९ या काळात तो नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ होता. रस्ता पुरत असेल तर वेगळ्या रंगाची काठी रोवून तो जरूर दाखवावा.